एकतीस नंबरची डावी बाजू

मी कामात चोख आहे. ही बढाई नाही, तक्रार आहे. त्या चोखपणानेच माझा घात केला, आणि एका म्हाताऱ्याचा कधी करेल ते सांगता येत नाही.

माझं काम असं. चिनी वाचकांना लांबलचक वाक्यं वाचायला द्यायची आणि वाचताना त्यांची नजर कुठे थांबते, कुठून मागे फिरते, ते मशीनवर मोजायचं. नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीपासून वीस मिनिटांवर आमची युनिव्हर्सिटी. तिथे मी चार वर्षं पीएचडीच्या नावाखाली हेच करतेय. अकोल्याची पोरगी अमेरिकेत जाऊन चिन्यांचे डोळे मोजते हे ऐकून आमच्या सुवर्णामावशीने विचारलं होतं, "देवयानी, पण त्याचा उपयोग काय गं?" तेव्हा मी तिच्यावर चिडले होते. आता चिडायचा हक्क गेलाय.

'नर्सला ओरडणारा डॉक्टर' आणि 'नर्सने हाक मारलेला डॉक्टर'. मराठी माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. इंग्रजीत डॉक्टर आधी येतो आणि त्याची कर्मकहाणी मागून. चिनीत कर्मकहाणी आधी आणि डॉक्टर शेवटी, आपल्यासारखंच. तोवर वाचणाऱ्याने सगळं डोक्यात धरून वाट बघायची. या दोनांपैकी चिनी माणसाला जड कुठलं जातं, यावर विद्वान मंडळी वर्षानुवर्षं भांडताहेत. त्या भांडणात एक काडी माझीही. चिनी मी पुण्यात दोन वर्षं शिकले, पुढचं इथल्या चिनी मैत्रिणींनी शिव्यांसकट शिकवलं.

या वर्षी मला साठीपुढचे वाचक हवे होते. चिनी किराणा दुकानात जाहिरात लावली, आणि मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा यायला लागले. प्रत्येकाला एक नंबर. नाव आणि फोन वेगळ्या यादीत, आणि ती यादी तीस दिवसांत पुसून टाकायची, म्हणजे कोणाचं वाचन कसं होतं हे कधीच कोणाला कळू नये. तीस दिवस बरं का. मी मात्र दर शुक्रवारी चार वाजता पुसायचे. शेजारच्या टेबलावरचा परीक्षित सहा-सहा महिने याद्या सांभाळून बसायचा आणि मी त्याला लेक्चर द्यायचे. तो म्हणायचा, "यार, तू नोकरी करतेस की सोवळं पाळतेस?" मी म्हणायचे, नियम म्हणजे नियम.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला एकतीस नंबर आला. पंचाहत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. रिटायर्ड इंजिनियर. बरोबर बायको, किडकिडीत, डाव्या हाताच्या कोपरापाशी फुगवटा आणि त्यावर पट्टी. आजोबा मशीनकडे इतक्या कौतुकाने बघत होते, जसं काही ते त्यांनीच बनवलं होतं. आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "रिझल्ट लगेच सांगता ना?"

"नाही हो, आम्ही रिझल्ट सांगत नाही. हे संशोधन आहे, तपासणी नाही."

त्यांचा चेहरा पडला. माझ्या लक्षात आलं, पण मी कशाला विचारतेय? अकराला पुढचा माणूस यायचा होता.

मशीन सुरू करायच्या आधी पडद्यावर एकेक ठिपका येतो, त्याच्याकडे बघायचं असतं. आजोबांना डावीकडचा ठिपका सापडेचना. एकदा, दोनदा, पाच वेळा. शेवटी मी पडद्याच्या डाव्या कडेवर नखाने टकटक केलं तेव्हा कुठे नजर गेली. मनात म्हटलं, झोपेत आलाय की काय म्हातारा. मग त्यांनी वाक्यं वाचली. पडद्यावर दोन-दोन ओळींचं एक, अशी चाळीस. प्रत्येक वाक्यानंतर एक सोपा प्रश्न, कोण कोणाला ओरडलं, बटण दाबून उत्तर द्यायचं. आजोबा धडाधड बटणं दाबत होते, अजिबात अडखळणं नाही. चाळीसपैकी एकोणीस बरोबर. नाणं उडवलं असतं तरी वीस आली असती. अशा माणसाचा डेटा आम्ही फेकून देतो. मला राग आला, एक सकाळ वाया गेली माझी.

तेवढ्यात आजींनी दार ठोठावलं. बाराला त्यांना कुठेतरी पोचायचं होतं. मी आजोबांच्या हातात गिफ्ट कार्ड ठेवलं आणि हसून म्हणाले, "फार छान केलंत!"

हे आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. संशोधनाच्या नियमांवर लक्ष ठेवणारी युनिव्हर्सिटीची एक कमिटी असते, तिने मंजूर केलेल्या कागदावर तसं वाक्यच छापलेलं आहे. लोकांना वाईट वाटू नये म्हणून.

शुक्रवारी चार वाजता मी यादी पुसली.

दोन आठवड्यांनी माझी गाइड मार्गारेट म्हणाली, फेकलेल्या लोकांची कारणं एकेका ओळीत लिहून दे. म्हणून मी एकतीस नंबरची चित्रं उघडली. नजर जिथे जिथे थांबते तिथे मशीन निळा ठिपका काढतं. चाळीस वाक्यांची चाळीस चित्रं, आणि एकाही चित्रात पडद्याच्या डाव्या भागात ठिपका नाही. एकही नाही. दुसऱ्या ओळीवर उतरताना माणसाची नजर डाव्या कडेपर्यंत मागे जाते. यांची मध्येच थांबायची आणि तिथूनच वाचायला सुरुवात करायची. प्रत्येक ओळीची पहिली तीन-चार अक्षरं त्यांच्यासाठी नव्हतीच. आणि चिनी भाषा अशी सोशिक, की सुरुवातीचं काही गाळलं तरी बऱ्याचदा उरलेल्याचाही अर्थ लागतो. आजोबांनी उरलेलं वाचलं, त्यांना ते पूर्ण वाटलं आणि त्यांनी बटण दाबलं.

आमच्या विषयात हे शिकवतात. मेंदूच्या उजव्या बाजूला छोटासा झटका येऊन गेला की कधीकधी माणसाची डावी बाजूच हरवते. डोळे ठणठणीत असतात, पण लक्षच तिकडे जात नाही, आणि काही हरवलंय हे त्या माणसाला कळत नाही. म्हणून तो तक्रारही करत नाही.

आणि मग मला आठवलं. पार्किंगचा पास मी त्यांच्याच हातात दिला होता. किल्ली त्यांनी खिशातून काढली होती. आजोबा गाडी चालवत आले होते.

मी तशीच मार्गारेटकडे धावले. ती चित्रं बघत राहिली आणि म्हणाली, "असेल. किंवा चष्मा जुना असेल. आपण डॉक्टर नाही, देवयानी." कमिटीला फोन केला. तिथली बाई फार गोड बोलली. म्हणाली, त्यांना कळवायला हरकत नाही, नाव सांगा. मी म्हणाले, नाव मी तिसऱ्याच दिवशी पुसलं. ती म्हणाली, "तीन दिवसांत? वा! तुमच्यासारखे फार थोडे असतात." कपाळ माझं! त्या दिवशी परीक्षितच्या अस्ताव्यस्त टेबलाकडे बघवेना मला. त्याच्याकडे असता तर एकतीस नंबर सापडला असता.

चिनी दुकानात पुन्हा कागद लावावा म्हटलं, की ज्यांनी आमच्याकडे वाचन केलं त्यांनी डोक्याची तपासणी करून घ्या. कमिटी म्हणाली, मजकूर मंजूर करून घ्यावा लागेल, सहा आठवडे. सहा आठवड्यांत माणूस किती वेळा डावीकडे वळतो?

घरी माझी रूममेट शिवांगी, नागपूरची, औषधाच्या कंपनीत आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोलिसांना सांग ना सरळ."

"काय सांगू? की एक चिनी म्हातारा आहे, नाव माहीत नाही, गाडी माहीत नाही?"

"बायको कशी होती?"

मी हाताचा फुगवटा सांगितला, पट्टी सांगितली, बाराची घाई सांगितली.

"बावळट, ते डायलिसिस आहे! मंगळवार, गुरुवार, शनिवार. बारा ते चार. जा आणि सेंटर्स बघ."

या भागात डायलिसिसची चार सेंटर्स आहेत. मी पार्किंग लॉटमध्ये बसून लोकांच्या आज्या न्याहाळायला लागले. एका ठिकाणी गार्डने हटकलं, तर दुसरीकडे एका बाईने मला रडणारी नातेवाईक समजून पाण्याची बाटली दिली. तिसऱ्या सेंटरवर, मंगळवारी साडेतीनला, एका चंदेरी गाडीत आजोबा दिसले. खिडकी अर्धी खाली, हातात चिनी वर्तमानपत्र. मन लावून वाचत होते.

मी ड्रायव्हरच्या खिडकीशी, इथल्या गाड्यांत ती डावीकडे असते, जाऊन हाक मारली, "आजोबा!" परक्या म्हाताऱ्याला चिनीतही आजोबाच म्हणतात, तेवढं एक बरं आहे. त्यांनी उजवीकडे पाहिलं. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी आरशात पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी गाडीला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, तेव्हा ते एकदम खुलले.

"अरे, डोळ्यांची पोरगी! ये, बस बस."

मी शेजारच्या सीटवर बसले. तोंड उघडायच्या आधी तेच सुरू झाले. "मी सगळ्यांना सांगतो. मुलालाही फोनवर सांगितलं. युनिव्हर्सिटीने माझे डोळे तपासले, एवढ्या मोठ्या मशीनवर. म्हणाले, फार छान!"

मला तिथल्या तिथे जमीन फाटून गिळेल तर बरं असं झालं. मी म्हणाले, "आजोबा, ते मी सगळ्यांनाच म्हणते. तुमचं वाचन छान नव्हतं झालं. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये." फोनवर त्यांच्या वाचनाचं चित्र उघडून दाखवलं. हे बघा ठिपके, ही रिकामी जागा.

त्यांनी फोन हातात घेऊन नीट पाहिलं. "रिकामी कुठे आहे? हे काय, पूर्ण भरलंय की!"

बरोबरच होतं त्यांचं. चित्राचा डावा भागही त्यांना दिसत नव्हता. मी फोन उजवीकडे सरकवला, बोट ठेवून दाखवलं. हळूहळू त्यांचा चेहरा कठोर झाला. रागावले नाहीत, पण एखाद्या लबाड विद्यार्थ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघायला लागले.

"त्या दिवशी मशीनसमोर तू छान म्हणालीस. आज मशीन नाही आणि तू वाईट म्हणतेस. म्हातारीने शिकवलं ना तुला?"

"आजींना मी त्या दिवसानंतर भेटलेसुद्धा नाही हो!"

"पस्तीस वर्षं इंजिनियर होतो मी. आकडा खरा असतो, माणूस नाही." आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

चारला आजी बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक, भिंतीला धरून चालत होत्या. मी धावत जाऊन हात दिला आणि एका दमात सगळं सांगितलं, ठिपके, डावी बाजू, झटका, डॉक्टर. ऐकता ऐकता त्या फुटपाथवरच्या बाकावर बसल्या.

"मार्चमध्ये झटका आला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरने सांगितलं, गाडी चालवायची नाही. यांना ते पटतच नाही."

तीन आठवडे मी जिवाच्या आकांताने ही बातमी घेऊन धावत होते, आणि त्या बाईकडे ती मार्चपासून होती. म्हणतात ना, वरातीमागून घोडं.

"मग तुम्ही... मग तुम्ही त्यांना आमच्याकडे का आणलंत?"

"माझं ऐकत नाहीत, डॉक्टरचं ऐकत नाहीत. मशीनचं ऐकतील असं वाटलं. जाहिरातीत लिहिलं होतं, नजर मोजतो. म्हटलं, बाहेर येतील आणि कोणीतरी सांगेल की डावीकडे काही दिसत नाही." त्या माझ्याकडे बघत होत्या, तक्रार नव्हती, नुसतं बघत होत्या. "तू म्हणालीस, फार छान."

मी रडले. लाज सोडून, पार्किंग लॉटमध्ये उभी राहून रडले. त्या बाईने मला तिच्या पिशवीतला टिश्यू काढून दिला, जिला स्वतःला उभं राहता येत नव्हतं.

मी म्हणाले, मुलाला सांगा. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला, कॉम्प्युटर चिपच्या कंपनीत, एका बेडरूमचं अपार्टमेंट. त्या म्हणाल्या, "तो चांगला आहे. लगेच येईल. मला नर्सिंग होममध्ये ठेवेल आणि यांना स्वतःकडे नेईल. दोघांना एकत्र ठेवायला जागा कुठे आहे? बावन्न वर्षं झाली आम्हाला." मी म्हणाले, डायलिसिसवाल्यांची व्हॅन असते, ती घरी न्यायला येते. त्यांनी दोनदा बोलावली होती. दोन्ही वेळा आजोबांनी ड्रायव्हरला परत पाठवलं, मी असताना व्हॅन कशाला म्हणून. मी म्हणाले, किल्ली लपवा. "लपवली होती. हे पायी निघाले, सहा मैल, मोठ्या रस्त्याच्या कडेने."

गाडीची नंबर प्लेट समोर होती, फोन माझ्या हातात. पोलिसांना एक फोन केला असता तर परवाना गेला असता. पण मग जो कागद मी त्यांना स्वतः वाचून दाखवला होता, तुमची माहिती आम्ही कोणालाही देणार नाही, त्याचं काय? आणि परवाना गेला म्हणून हा माणूस थांबला असता का? त्याच्या लेखी काही बिघडलेलंच नव्हतं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"जाताना मी डावीकडे बघते," आजी म्हणाल्या. "मी 'आता' म्हटलं, की ते निघतात. म्हणून तर इतके महिने निभावलं."

"आणि येताना?"

"येताना मला डोळे उघडे ठेवता येत नाहीत. पण येताना रस्ता त्यांच्या ओळखीचा असतो."

आजोबांनी हॉर्न वाजवला. आजी उठल्या. मला दुसरं काही सुचलं नाही. मी म्हणाले, "आजोबा, माझी गाडी बंद पडलीय, मला वाटेत सोडता?" क्षणात राग विसरले ते. म्हातारी माणसं चिनी असोत की अकोल्याची, पोरीला लिफ्ट द्यायची म्हटलं की विरघळतात. मी मागे बसले, बरोबर त्यांच्या पाठीमागे, डाव्या खिडकीला नाक लावून.

लॉटमधून रस्त्यावर उजवीकडे वळायचं होतं. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे त्या डावीकडून येणार. आजींची मान पट्टा लावता लावताच कलली होती. आजोबांनी समोर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रेडिओचा आवाज थोडा कमी केला आणि निघाले. डावीकडून एक लाल पिकअप येत होता. मला त्याचं बंपर दिसलं, वरचा गंज दिसला, आणि मी मराठीत किंचाळले, "थांबा!"

मराठी त्यांना काय कळणार? पण पाय ब्रेकवर गेला. पिकअप हॉर्न देत आमच्या नाकासमोरून गेला. सगळी गाडी हलली. आजी दचकून जाग्या झाल्या आणि त्यांनी आधी नवऱ्याचा हात घट्ट पकडला.

"ओरडतेस कशाला?" आजोबा म्हणाले. "दिसला होता मला." खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांच्या जगात तो पिकअप एकाएकी समोर उगवला आणि त्यांनी ब्रेक मारला, आणखी काय हवं?

पुढचे सहा मैल माझी नजर डाव्या खिडकीवरून हटली नाही. दर चौकात "थांबा," दर चौकात "आता." चिनीत, शक्य तितक्या गोड आवाजात. त्यांनी हरकत घेतली नाही. पोरीला भीती वाटते म्हणून चालवून घेतलं असावं.

त्यांच्या घरासमोर गाडी थांबली. छोटं घर, दारात कांदेपातीच्या दोन कुंड्या. आजोबा पिशवी घेऊन पुढे गेले, दार उघडायला. आजी माझ्या आधाराने उतरल्या. मला वाटलं, आता तरी त्या म्हणतील, की झालं, संपलं, मुलाला फोन करते. मी फोन त्यांच्यापुढे धरलासुद्धा. शब्दच शोधत होते मी, की कशा शब्दांत सांगितलं म्हणजे या बाईला पटेल. लांब वाक्यांवर पीएचडी करतेय म्हणे मी! एक धड वाक्य सुचलं नाही.

त्यांनी फोनकडे पाहिलंच नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला. हात थंडगार होते.

"परवा पुन्हा जायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "जाताना मी बघेन. येताना तू येशील? मागे, डावीकडे बसायला?"

नाही म्हणायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, की आजी, आज तो पिकअप होता, परवा सायकलवरचं पोर असेल, मी कुठवर बघणार? आजोबांच्या हातातून किल्ली ओढून घ्यायला हवी होती. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. आजोबा दारात उभे राहून हसत मला हात करत होते, आणि मी त्यांच्या डावीकडे होते की उजवीकडे, तेवढंच बघत होते मी.

मी विचारलं, "किती वाजता?"